गाडीतला आवाज नेमका अडतो कुठे?

मिक्सर आणि इन्व्हर्टरच्या तक्रारींना मागे टाकून मागच्या दोन महिन्यांत या सदराच्या टपालात एका नव्याच विषयाने आघाडी घेतली आहे: गाडीतला टेप. (कॅसेट जाऊन जमाना झाला, पण आमच्याकडे गाडीतल्या सेटला अजून टेपच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.) कुणाचा डावा स्पीकर मुका झालाय, कुणाच्या गाडीत इंजिन सुरू केलं की शिट्टी वाजते, कुणाचं घड्याळ रोज सकाळी बारा वाजवून बसतं. रोह्याच्या एका बहिणीने लिहिलंय की दुकानदाराने टेपही बदला आणि चारही स्पीकर बदला असं सांगितलं. खर्च शोहरच्या अर्ध्या पगाराएवढा. बदलायचं की नाही?

इतक्यात नको. आधी दोष कुठे आहे ते शोधा. माझा अनुभव असा, की दहातल्या सात-आठ वेळा टेप शाबूत असतो, स्पीकरही शाबूत असतो, आणि मधला एखादा जोड बिघडलेला असतो. जोड दुरुस्त करायला फार पैसे पडत नाहीत, म्हणून तो शोधायची घाईही कुणाला नसते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विजेचं शिक्षण माझं नाही. पण माझं माहेर रोह्याचं, आणि अब्बांचं तिथे रेडिओ-टेप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. शाळा सुटली की आम्ही बहिणी तिथेच बसून अभ्यास करायचो. नवीन मुलगा कामाला लागला की अब्बा त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: आवाज का येत नाही हे नंतर, आधी तो कुठपर्यंत येतो ते बघ. आज सांगतेय ती सगळी त्याचीच उजळणी.

आपल्या भागात जोड इतके का बिघडतात, हे कळायला फार लांब जावं लागत नाही. पेण तालुक्याचा मोठा पट्टा खारेपाटात येतो. खाडी जवळ, मिठागरं जवळ. हवेत ओल आणि मीठ दोन्ही. त्यात रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तांब्याची वायर उघडी राहिली की तिच्यावर हिरवट थर चढतो, कपलरच्या पिना काळवंडतात, वीज अडखळते. वरून रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि कित्येक वर्षं रखडलं. खारपाडा, वडखळ, नागोठणं या वाटेवर आपल्या कमरांनी जे सोसलं, तेच डॅशबोर्डमागच्या प्रत्येक जोडाने सोसलं. ‘एमएच ०६’ची, म्हणजे आमच्या पेणच्या आरटीओची पाटी असलेल्या पाच-सात वर्षांच्या गाडीत एखादा जोड सैल नसेल, तरच मला नवल वाटेल.

आता शोध. आवाजाची वाट सरळ आहे: मोबाइल, पेनड्राइव्ह किंवा रेडिओ, तिथून टेप, टेपमधून वायर, वायरीतून स्पीकर. विजेची वाट वेगळी: बॅटरी, फ्यूज, टेप, आणि परत गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे. या परतीच्या जोडाला आपले वायरमन ‘अर्थ’ म्हणतात. या दोन वाटा डोक्यात ठेवल्या तर हत्यार हातात न घेताच निम्मा शोध लागतो.

टेपचे दिवे लागतात का? नाही लागले तर गोष्ट विजेच्या वाटेवरची; स्पीकरचा संबंधच नाही. दिवे लागतात पण आवाज नाही, तर मोबाइल बंद करून रेडिओ लावा. रेडिओ वाजला तर टेप आणि स्पीकर ठीक, दोष मोबाइलच्या जोडणीत. रेडिओही मुका असेल तर बॅलन्स आणि फेडर बघा. बॅलन्स म्हणजे डावं-उजवं, फेडर म्हणजे पुढचं-मागचं. आवाज एका वेळी एकाच स्पीकरकडे वळवा आणि चारही कोपरे एकेक करून ऐका. हसू नका, पण ‘मागचे दोन्ही स्पीकर गेले’ म्हणून दुकानात नेलेल्या गाड्यांपैकी काही गाड्यांत घरच्या लेकरांनी फेडर पुढे ढकललेला असतो.

एकच कोपरा मुका निघाला, तर टेप बाहेर काढणाऱ्याकडून एक छोटी गोष्ट करून घ्या. टेपच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करायची. समजा आधी डावा मुका होता. अदलाबदलीनंतर उजवा मुका झाला, तर दोष टेपमध्ये. डावाच मुका राहिला, तर टेप निर्दोष. दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धा खर्च इथेच वाचतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेपना वायरींचे रंग ठरलेले असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती उणे. कंपनीतून आलेल्या टेपला मात्र हे रंग लागू होतीलच असं नाही.

मग वायर की स्पीकर? घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. स्पीकरच्या वायरी सोडवा आणि सेलची दोन टोकं स्पीकरच्या दोन पत्त्यांना क्षणभर टेकवा. ‘टप्’ असा आवाज आला आणि कोन हलला, तर आतली कॉइल जिवंत आहे. नुसतं टेकवायचं, धरून बसायचं नाही. सेलचं अधिक स्पीकरच्या अधिकला लावलं की कोन बाहेर येतो, उलट लावलं की आत जातो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागेल. घरात मल्टीमीटर असेल तर आणखी बरं. चार ओहमचा स्पीकर मीटरवर तीन-साडेतीन ओहम दाखवतो, तो बरोबरच आहे. स्पीकरवर छापलेला आकडा हलत्या, उलटसुलट वाहणाऱ्या विजेसाठी असतो, मीटर मोजतो सरळ विजेने, म्हणून थोडा कमी येतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. जवळपास शून्य दाखवलं तर कॉइल जळून आतल्या आत चिकटली आहे. असा स्पीकर टेपला जोडून ठेवू नका, टेपही जाईल.

स्पीकर वाजतो, पण वाईट वाजतो, ही तक्रार त्याहून जास्त. इथे माझा भाषेचा धंदा कामी येतो. गाडीतला आवाज तपासायला लोक ढोलकीचं गाणं लावतात. मी म्हणते नुसता माणसाचा आवाज लावा: बातम्या, एखादं बयान, किंवा साथीला वाद्य नसलेली तिलावत. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे, त्यामुळे खोट लगेच कळते. मग अक्षरं ऐका. स, श, च ही अक्षरं बोथट येत असतील, ‘साबिर’ आणि ‘ताबिर’ सारखंच ऐकू येत असेल, तर बारीक आवाजाचा ट्वीटर गेला आहे किंवा त्याची वायर सुटली आहे. या अक्षरांची धार वरच्या सुरांत असते. जाड आवाजाच्या माणसाच्या लांब ‘आ’ला, ‘ओ’ला मागे कागद फडफडल्यासारखं वाजत असेल, तर कोन फाटला आहे किंवा त्याच्या कडेचं रबर-फोम कुजलं आहे. किंवा दाराच्या आतला एखादा स्क्रू सैल आहे; म्हणून आधी आवाज सुरू असताना दाराच्या पॅडवर तळहात दाबून बघा. फडफड थांबली तर स्पीकरला दोष देऊ नका. आणि प्रत्येक अक्षराला खरखर असेल, तर गाडी बंद करून कोनावर दोन्ही अंगठे सारखे ठेवून हलकेच दाबा. आत घासल्याचा आवाज आला की कॉइल वाकडी झाली. हा मात्र खरोखर बदलायचा स्पीकर.

एक चकवा सांगून ठेवते. नवीन स्पीकर लावले, सगळे वाजतात, पण आवाज पोकळ. बेस कुठे गेला कळत नाही आणि बोलणारा माणूस गाडीच्या बाहेरून बोलल्यासारखा वाटतो. बॅलन्स एका टोकाला नेला की बेस भरून येतो, मध्यावर आणला की गायब. एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या आहेत. एक कोन हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि दोघं मिळून एकमेकांचं काम रद्द करतात. वर सांगितलेली सेलची खूण इथे लावा, कोणता उलटा आहे ते कळेल. दोन वायरी बदलल्या की झालं. ‘नवे स्पीकरच हलके निघाले’ म्हणून दुसरी जोडी विकत घेणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

दाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे स्पीकर दारातच मरतात. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जातंच. गाडी बनवणाऱ्यांनी ते धरलेलं असतं. ते पाणी दाराच्या आतून खाली उतरतं आणि बुडाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. पाणी पॅडकडे येऊ नये म्हणून आत एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवणारा घाईत असला की तो पडदा फाडतो आणि तसाच सोडतो. मग पाऊस सरळ स्पीकरच्या पाठीवर. कागदी कोन फुगतो, चुंबकाला गंज चढतो, आणि दिवाळीपर्यंत आवाज घोगरा होतो. म्हणून स्पीकर बसवून घेताना समोर उभं राहा आणि पडदा परत चिकटवायला सांगा. फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीनेही काम भागतं. दाराखालची भोकं चिखलाने बुजतात. पावसाआधी आणि पावसानंतर एकदा काडीने मोकळी करा. दार हलवल्यावर आत पाणी हिंदकळल्यासारखं वाजलं तर भोकं बुजलेली आहेत हे नक्की.

दाराचाच दुसरा आजार: दार उघडलं की आवाज येतो, लावलं की जातो, किंवा उलट. दार आणि गाडीच्या मध्ये जी रबरी नळी असते, तिच्यातल्या वायरी हजारो वेळा वाकून आतून तुटतात. वरून आवरण अखंड दिसतं. चालकाच्या दारात हे जास्त, कारण ते सगळ्यात जास्त उघडतं. तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची सोय. उन्हात चिकटपट्टीचा डिंक वितळतो. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वरून गरम करून आवळणारी नळी बसवून घ्या.

आता फ्यूज. इथे मला जरा कठोर बोलायचं आहे.

आमच्या ओळखीत प्रवासी गाडी चालवणारे एक भाई आहेत. टेपचा फ्यूज वारंवार उडायचा. कुणीतरी त्यांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. टेप वाजू लागला, फ्यूजचा त्रास संपला, सगळे खूश. महिनाभराने नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंडीत डॅशबोर्डमधून प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि धूर निघाला. मागे बायको आणि तीन मुलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि बॅटरीची वायर ओढून काढली. अल्लाहचा फझल, कुणाला काही झालं नाही. नंतर उघडून बघितलं तर टेपमागची एक वायर लोखंडी पट्टीवर घासून सोलली होती. फ्यूज उडत होता तो हेच सांगत होता.

फ्यूज टेप वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. जेवढा प्रवाह वायर सहन करेल त्याच्या आत तो वितळतो. गाडीतल्या पात्यासारख्या फ्यूजचे रंग आकड्याप्रमाणे ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लालच्या जागी लालच. टेपला बहुतेक दोन फ्यूज असतात, एक गाडीच्या फ्यूजपेटीत आणि एक टेपच्या पाठीवर. एक ठीक दिसला म्हणून दुसरा ठीक आहे असं समजू नका. नवा फ्यूज घातला आणि तोही लगेच उडाला, तर तिसरा घालू नका. टेपमागच्या आणि सीटखालच्या पट्ट्यांत चेपलेली वायर शोधा. डिकीत वेगळा अँप्लिफायर असेल तर बॅटरीपासून निघालेल्या त्याच्या जाड वायरीला बॅटरीजवळच, दोन वितींच्या आत, फ्यूज हवा. पुष्कळ गाड्यांत तो नसतोच. आज बोनेट उघडून बघा.

घड्याळ रोज शून्यावर येतं, रेडिओची स्टेशनं पुसली जातात, याचं कारणही विजेच्या वाटेवर आहे. टेपला दोन ठिकाणांहून वीज मिळते. लाल वायर चावी फिरवल्यावर जागी होते. पिवळी कायम जागी असते आणि आठवण सांभाळते. पिवळीचा फ्यूज किंवा जोड गेला की टेप रोज सगळं विसरतो. उलट, नवा टेप बसवल्यापासून बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर बसवणाऱ्याने कष्ट वाचवण्यासाठी लाल आणि पिवळी एकत्र करून कायमच्या विजेला जोडली असण्याची दाट शक्यता आहे.

पिवळ्या रंगाबद्दल सावध करते. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले, तर ते टेपचे नव्हेत, एअरबॅगचे. २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारींत चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे अलीकडच्या गाडीत त्या असणारच. त्यांना टेस्टर लावायचा नाही, ओढायचं नाही. डॅशबोर्ड उघडण्याआधी चावी काढा आणि बॅटरीची उणे बाजू सोडवा. काही जुने टेप बॅटरी सोडवल्यावर कोड मागतात. तो गाडीच्या पुस्तकात किंवा सोबतच्या कार्डावर असतो, आधी शोधून ठेवा.

इंजिनच्या शिट्टीचा आजार गाडीतल्या रेडिओइतकाच जुना आहे. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीत बसवण्याचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ नाव दिलं; तेव्हाही मोठी डोकेदुखी होती ती इंजिनच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत शिरू न देण्याची. आज शिट्टी देतो तो अल्टरनेटर. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते, ही त्याची ओळख. सगळ्यात आधी मोबाइलचा चार्जर उपसा. फोन चार्जरलाही जोडलेला आणि वायरीने टेपलाही जोडलेला असेल, तर शिट्टी बहुधा तिथूनच येते, आणि चार्जर काढताच बंद होते. नाही झाली, तर आवाजाचं बटण कमी-जास्त करा. शिट्टीही कमी-जास्त झाली तर ती टेपच्या आधीच्या बाजूने शिरते आहे. शिट्टी तेवढीच राहिली तर टेपच्या पुढे, अँप्लिफायरकडे बघा. तिथे सहसा अर्थ वाईट असतो: रंगावरच स्क्रू आवळलेला. रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं, नाहीतर आपली खारी हवा तो महिन्यात गंजवेल. आवाजाची बारीक वायर आणि विजेची जाड वायर शेजारी-शेजारी नेलेली असेल, तर एक डावीकडून, एक उजवीकडून न्यायला सांगा.

रेडिओ खरखरतो म्हणून टेप बदलू नका. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडून वळत नाहीत. मुंबईची १००.७ किंवा १०७.१ पेणमध्ये नीट लागते आणि नागोठण्यापुढे, कोलाडकडे जाताना विरत जाते, हा दोष नव्हे. गाडी धुऊन आणल्यावर खरखर सुरू झाली असेल, तर छतावरची काडी धुणाऱ्याने काढून सैल लावली आहे. फिरवून घट्ट करा.

मोबाइलचं थोडक्यात. ब्लूटूथ जोडतं पण गाणं वाजत नाही, तर फोनमध्ये त्या जोडणीचा ‘मीडिया ऑडिओ’ बंद असतो. अजिबात जोडत नसेल तर फोनमधून आणि टेपमधून, दोन्हीकडून जुनी नोंद पुसून नव्याने जोडा. टेपची यादी घरातल्या सगळ्यांच्या फोनांनी भरलेली असते. नवीन ६४ जीबीचा पेनड्राइव्ह जुना टेप वाचत नसेल तर पेनड्राइव्ह खराब नाही. संगणकावर तो ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, मात्र आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून.

स्पीकर जळण्याचं एक कारण मात्र आपल्याच बोटात आहे. टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा. सतत देण्याची ताकद साधारण १५ ते २० वॅट. बटण शेवटपर्यंत नेलं की टेपची दमछाक होते, आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाने आधी ट्वीटर जळतो. आवाज फाटायला लागला की दोन घरं मागे या. कानांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलची मर्यादा सांगते, आणि लहान मुलांसाठी ७५ची. मागच्या काचेखालचे स्पीकर मागे बसलेल्या लेकरांच्या डोक्याला जवळजवळ चिकटलेले असतात. पुढे बसून आपल्याला बेताचा वाटणारा आवाज त्यांना बेताचा नसतो. लहान मुलं मागे असली की फेडर पुढे आणा.

रोह्याच्या बहिणीला उत्तर: आधी चार कोपरे, मग अदलाबदल, मग सेल. एवढं करून जो भाग दोषी ठरेल तेवढाच बदला. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू देऊ नका. बहुतेक मॉडेलसाठी न कापता लागणारा कपलर बाजारात मिळतो, तो मागा. बदलावाच लागला तर काढलेला जुना स्पीकर दुकानातच सोडून येऊ नका. पैसे देण्याआधी तो मागून घ्या आणि तिथेच काउंटरवर त्याला सेल लावून बघा.